पाजणाऱ्याची जबाबदारी

श्रोतेहो, सण आला की घरात चार माणसे जमतात, आणि चार माणसे जमली की कोठे कोठे बाटलीही निघते. आषाढातली गटारी असो, शिमगा असो, लग्नाची वरात असो, नाहीतर आता खेड्यापाड्यांतही शिरलेली एकतीस डिसेंबरची रात्र असो. दारू प्यावी की पिऊ नये, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. त्यावर संतांनी, समाजसुधारकांनी आणि घरोघरच्या आयाबहिणींनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. मला तुमच्यापुढे मांडावयाचा आहे तो इतिहासातला एक निराळा प्रश्न. मेजवानीत एकजण पितो, झिंगतो, आणि परत जाताना रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला जायबंदी करतो. तो तिसरा माणूस मेजवानीला नव्हता. त्याने थेंबभरही घेतलेली नाही. त्याचे नुकसान भरून कोणी द्यावयाचे? पिणाऱ्याने, हे तर उघडच आहे. पण ज्याने विकली, ज्याने पेला भरला, ज्याने घरी बोलावून आग्रह केला, त्यांच्याकडे न्यायाचे बोट वळते की नाही?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय? करावे तसे भरावे, ही तर आपली म्हणच आहे. जगातल्या कित्येक कायद्यांनी शतकानुशतके हेच धरले होते. पण तेवढ्याने भागत नाही, हे हळूहळू ध्यानात येत गेले. ते कसे, याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रारंभ आपल्याच देशापासून करू. कौटिल्याचे अर्थशास्त्र हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो १९०९ साली छापून जगापुढे आणला, आणि पुढे १९६० ते १९६५ या काळात प्रा. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे, म्हणजे दारूच्या व्यवहारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचे, स्वतंत्र प्रकरण आहे. दारू गावाबाहेर नेऊ द्यावयाची नाही. ज्याची वागणूक चांगली म्हणून माहीत आहे अशानेच थोडीशी बरोबर न्यावी. बाकीच्यांनी पानगृहातच बसून प्यावी, असा तेथला नियम. पानगृहात निजण्याबसण्याची सोय असावी, असेही सांगितले आहे. सणाचाही विचार केलेला आहे. उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस दारू गाळण्याची मोकळीक द्यावी, आणि जे परवानगीवाचून गाळतील त्यांच्याकडून उत्सव संपेपर्यंत रोजचा दंड घ्यावा.

आता खरी गोष्ट पुढे आहे. गिऱ्हाईक पिऊन झोपले, आणि त्याच्या अंगावरचे दागिने, वस्त्रे किंवा जवळचे पैसे नाहीसे झाले, तर काय? कौटिल्य सांगतो, विकणाऱ्याने ते भरून द्यावे, आणि शिवाय तेवढाच दंड सरकारात भरावा. बघा कसे! ‘मी तर फक्त विकली, तो बेसावध झाला त्याला मी काय करू?’ ही सबब येथे चालत नाही. माणसाला बेसावध करणारी वस्तू ज्याने पैसे घेऊन दिली, त्याने तो शुद्धीवर येईपर्यंत त्याची राखण करावी, हा विचार या नियमाच्या मुळाशी आहे. मात्र ही राखण गिऱ्हाइकाच्या मालमत्तेपुरती होती. झिंगलेल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या कोणाला मारले तर विकणाऱ्याचे काय, हे या नियमात येत नाही.

ग्रीस देशात विचाराने दुसरी वाट धरली. लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनी नगराचा शास्ता पिटॅकस हा इसवी सनापूर्वी सुमारे सहाशेच्या काळातला. दारूच्या नशेत गुन्हा करील त्याला शुद्धीतल्या माणसापेक्षा दुप्पट शिक्षा, असा कायदा त्याने केला होता, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. येथे सगळा भार पिणाऱ्यावर. पुढे इंग्रजी कायद्याने साधारण हीच दिशा धरली. स्वतःच्या हाताने शुद्ध घालवणाऱ्याला ‘मी शुद्धीत नव्हतो’ असे म्हणून सुटता येणार नाही, हा त्याचा बाणा. आपला १८६० चा भारतीय दंडविधान याच विचारावर रचला गेला, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. त्यात एक अपवाद आहे, तो शिमग्याच्या दिवसांत लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखाद्याला न कळत किंवा त्याच्या मनाविरुद्ध नशा चढवली, आणि आपण काय करतो आहोत हेच त्याला उमजेनासे झाले, तर त्या अवस्थेतल्या कृत्याचा गुन्हा त्याच्यावर येत नाही. म्हणजे सरबतात गुपचूप काही मिसळून ‘गंमत’ करणाऱ्यांनी नीट विचार करावा. त्या गमतीतून कोणाचे हातपाय मोडले, तर लोक आणि कायदा प्रथम पेला कोणी भरला हे विचारतील.

एवढा अपवाद सोडला तर इंग्रजी परंपरेत विकणारा आणि पाजणारा दोघेही मोकळेच राहिले. न्यायाधीशांचे म्हणणे असे, की इजा होते ती पिण्यामुळे, विकण्यामुळे नव्हे. दुकानदाराने बाटली पुढे केली खरी, पण तोंडाला लावली ती गिऱ्हाइकाने. तर्क सरळ होता. पण या तर्काने एका घटकाला वाऱ्यावर सोडले. तो घटक म्हणजे पिणाऱ्याची बायको आणि मुले.

ही गोष्ट प्रथम जोराने पुढे आली ती अमेरिकेत. तेथे पेल्यापेल्याने दारू विकणाऱ्या गुत्त्याला ‘ड्रॅम शॉप’ म्हणत. ड्रॅम म्हणजे दारूचे एक लहान माप. विस्कॉन्सिन राज्याने १८४९ साली कायदा केला, की दारू विकणाऱ्याने आधी जामीन द्यावा, आणि त्याच्या धंद्यामुळे जी कुटुंबे भिकेला लागतील, ज्या विधवा आणि पोरकी मुले उघडी पडतील, त्यांचा भार उचलावा. पुढे ओहायो, न्यूयॉर्क इत्यादी राज्यांनीही असे कायदे केले. न्यूयॉर्कचा कायदा १८७३ चा. या कायद्यांनी बायकोला, मुलाला, आईबापांना, प्रसंगी मालकालाही गुत्तेवाल्यावर दावा लावण्याचा हक्क दिला. शरीराला इजा झाली असेल तर दावा, मालमत्तेला झाली असेल तर दावा, आणि पोटापाण्याचा आधार तुटला असेल तरीही दावा. हे शेवटचे फार महत्त्वाचे. नवरा अपंग झाला तर चूल कोणाची विझते, हे कायद्याने प्रथमच विचारले.

हा हक्क नुसता कागदावर राहिला नाही. ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी १८७२ साली एका मद्यप्याच्या पत्नीने गुत्तेवाल्यावर दावा केला, तेव्हा ‘मदर स्टुअर्ट’ या नावाने पुढे गाजलेल्या एलायझा स्टुअर्ट यांनी स्वतः पंचांपुढे उभे राहून तिची बाजू मांडली, आणि निकाल त्या बाईसारखा लागला. त्या काळी अमेरिकेत बायकांना मताचा अधिकार जवळजवळ कोठेच नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचे मोल कळेल. पुढल्याच वर्षी, १८७३ च्या नाताळाच्या सुमारास, त्याच राज्यात हिल्सबरो गावच्या स्त्रिया प्रार्थना म्हणत गुत्त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यातूनच दारूबंदीची मोठी चळवळ वाढली.

१९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर बऱ्याच राज्यांत जुने कायदेही मागे पडले. पण तोवर रस्त्यावर एक नवी वस्तू आली होती, ती म्हणजे मोटार. पूर्वी झिंगलेला माणूस फार तर गटारात पडे. घोडागाडीचा घोडा त्याला घराकडे नेई. मोटारीला घरची वाट ठाऊक नसते. १९५९ साली न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कोवळ्या वयाच्या मुलाला गुत्त्यांतून दारू दिल्याचे आणि पुढे त्याच्या मोटारीने माणूस ठार झाल्याचे प्रकरण आले. न्यायालय म्हणाले, गिऱ्हाइके मोटारीने येतात आणि मोटारीने जातात हे आज दुकानदाराला पक्के माहीत असते. तेव्हा पुढे काय होईल हे मला कसे दिसावे, असे त्याला म्हणता येणार नाही. विकणे हे कारण नव्हे, हा जुना तर्क येथे ढासळला.

कॅनडात १९७३ साली याला आणखी एक पैलू पडला. एका खानावळवजा हॉटेलात नेहमी येणारे एक गिऱ्हाईक फार पीत असे. सोबत जबाबदार माणूस असल्याखेरीज त्याला देऊ नये, अशी नोकरांना सूचनाही होती. तरी त्या दिवशी त्याला भरपूर दिली, आणि तो त्रास देऊ लागला तेव्हा पावसाळी अंधाऱ्या रात्री त्याला बाहेर काढले. हमरस्त्याने पायी जाताना त्याला मोटारीने उडवले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानीचे तीन सारखे हिस्से केले: एक हॉटेलाचा, एक मोटारवाल्याचा, आणि एक त्या पिणाऱ्याचा स्वतःचा. श्रोतेहो, ही वाटणी मला फार बोलकी वाटते. पिणारा सुटला नाही, पण बाकीचे दोघेही सुटले नाहीत.

येथवर प्रश्न पैसे घेऊन विकणाऱ्याचा होता. पण सणाला आपण विकत नाही, पाजतो. घरच्या यजमानाचे काय? यातली माणसे सामान्य घरांतली आहेत, म्हणून त्यांची नावे सांगत नाही. हकीकत तेवढी सांगतो.

न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थाने पाहुण्याला घरी बसवून पाजली. निघताना तो त्याच्या मोटारीपर्यंत सोडायला गेला, दोन शब्द बोलला, आणि गाडी निघून जाताना पाहत उभा राहिला. पंचवीसएक मिनिटांनी, पाहुणा सुखरूप पोचला की नाही म्हणून त्याने दूरध्वनी केला. पलीकडून पाहुण्याच्या पत्नीने सांगितले, की समोरासमोर टक्कर झाली आहे. दुसऱ्या गाडीतली बाई जबर जखमी झाली होती. १९८४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश विलेन्ट्झ यांच्या निकालपत्राने, असे ठरवले की पाहुणा उघड झिंगलेला आहे आणि आता गाडी चालवणार आहे, हे ठाऊक असून जो यजमान पाजत राहतो, त्याच्यावरही नुकसानभरपाई येते. न्यायमूर्ती गॅरिबाल्डी या एकट्यांनी विरुद्ध मत दिले. त्यांची चिंता खोटी नव्हती. गुत्तेवाल्याजवळ नोकर असतात, अनुभव असतो, नुकसान धंद्याच्या हिशेबात धरता येते. साध्या घरच्या माणसाला पाहुणा किती प्याला हे मोजता येईल का, आणि एका रात्रीच्या पाहुणचारापायी त्याचे घरदार जावे का, असा त्यांचा सवाल होता. कॅलिफोर्निया राज्यात तर न्यायालयाने यजमानाला जबाबदार धरल्याबरोबर विधिमंडळाने १९७८ साली कायदा करून तो निर्णयच बाजूला सारला.

आता याच्या उलटचा निकाल पाहा. १९९८ साल संपून १९९९ उजाडत होते. कॅनडात ओटावा शहरात एका जोडप्याने नववर्षाची मेजवानी दिली. पाहुण्यांनी आपापली दारू आणावी, असा बेत होता. यजमानांनी मध्यरात्री थोडी शॅम्पेन तेवढी वाटली. एका पाहुण्याने अडीच तासांत बाराएक बिअर घेतल्या होत्या. हा माणूस पिण्यात मुरलेला आहे, हे यजमानांना ठाऊक होते. रात्री दीडच्या सुमारास तो निघाला तेव्हा यजमानाने गाडीजवळ जाऊन, ठीक आहेस ना, असे विचारले. तो म्हणाला, ठीक आहे. पुढे टक्कर झाली. समोरच्या गाडीतला एकजण मेला, आणि अठरा वर्षांची एक मुलगी कमरेखाली कायमची लुळी झाली. चालवणाऱ्याला दहा वर्षांची कैद झाली. मुलीने यजमानांवरही दावा केला. २००६ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश मॅकलॅक्लिन यांच्या निकालपत्राने, यजमान जबाबदार नाहीत असे ठरवले. मेजवानी देणे हे काही संकट निर्माण करणे नव्हे. सज्ञान माणूस आपल्या पिण्याला आपण जबाबदार. आणि त्याची अवस्था यजमानांना उघड दिसत होती, असे सिद्ध झालेले नाही, ही त्याची कारणे. मात्र उघड झिंगलेल्याला, तो गाडी चालवणार हे जाणून, जो स्वतः भरत राहील त्याची गोष्ट निराळी असू शकते, ही फट न्यायालयाने बुजवली नाही.

दोन देश, दोन निकाल. तरी दोघांनीही प्रश्न विचारले ते तेच: यजमानाला दिसत होते का? भरून तो देत होता का? आणि थांबवणे त्याच्या हाती होते का?

यजमान घरचा नसून मालक असेल, तर हे प्रश्न अधिक कडक होतात. कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलाने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या नोकरांना सणाची मेजवानी दिली. एक नोकर तेथे पुष्कळ प्याला. तो घरी सुखरूप पोचला, पण थोड्या वेळाने एका सहकाऱ्याला सोडण्यासाठी पुन्हा गाडी घेऊन निघाला आणि त्याने एका डॉक्टरचा जीव घेतला. तो घरी पोचला तेथे आमची जबाबदारी संपली, असे मालकाचे म्हणणे. २०१३ साली तेथल्या अपील न्यायालयाने ते मानले नाही. बेसावधपणाचे बी मेजवानीत पेरले गेले असेल तर मालकावर दावा चालू शकतो, असे सांगितले. इंग्लंडात २०११ च्या नाताळच्या मेजवानीनंतर पिणे चालू असताना एका कंपनीच्या प्रमुखाने आपल्याच नोकराला ठोसा मारला, आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१८ साली अपील न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले, कारण तो प्रमुख त्या वेळीही आपला साहेबपणाचा अधिकारच गाजवत होता.

शेवटचे एक प्रकरण सांगतो. सणाच्या दृष्टीने मला ते सर्वांत शिकवण्याजोगे वाटते. नॉर्वेतल्या तळावर १९८८ साली इंग्लंडच्या आरमारातला एक जवान आपल्या तिसाव्या वाढदिवसाला बेसुमार प्याला आणि कोसळला. साथीदारांनी आणि अधिकाऱ्याने त्याला उचलून खोलीत नेऊन निजवले. पण जवळ कोणी बसले नाही. उलटी घशात अडकून तो गुदमरला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात न्यायालयाने म्हटले, की सज्ञान माणसाला पिण्यापासून अडवणे हे आरमाराचे कर्तव्य नव्हते. पण तो कोसळल्यावर त्याला ताब्यात घेतले, त्या क्षणापासून त्याची नीट काळजी घेणे हे त्यांच्यावर आले. भरपाईचे दोन तृतीयांश त्याच्याच चुकीपोटी कापले गेले. उरलेला एक तृतीयांश सरकारने द्यावा असे ठरले.

आपल्याकडे काय आहे? अमेरिकेतल्यासारखा गुत्तेवाल्यावर वा यजमानावर भरपाईचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने आहे. त्याचा भर परवाने आणि शिक्षा यांवर आहे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली दोन कलमे गावोगावच्या चावडीवर वाचून दाखवावी अशी आहेत. कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि कलम १८८ सांगते, की या गुन्ह्याला जो साहाय्य किंवा चिथावणी देईल त्यालाही तीच शिक्षा. ‘जा रे, काही होत नाही, चालव तू!’ असे म्हणून किल्ली हाती देणाऱ्याने हे कलम विसरू नये. शिवाय मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालकाबरोबर गाडीच्या मालकालाही उभे राहावे लागते. वरातीसाठी ट्रॅक्टर किंवा जीप देणारा मालक, ‘मी तर वरातीत नव्हतो’ म्हणून सुटत नाही.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला ओटावाच्या मेजवानीची हकीकत वर्गाला सांगा, मुलांना पंच करा, आणि निकाल मागा. लुळ्या झालेल्या मुलीची बाजू एकाने मांडावी, यजमानाची दुसऱ्याने. मुले फार शहाणपणाने भांडतात, आणि घरी जाऊन विचारतातही.

बाकी आपणा सर्वांसाठी सांगावयाचे ते थोडके आहे. पाहुण्याला निरोप देताना गाडीपर्यंत जाऊन, ठीक आहेस ना, असे विचारणे पुरेसे नाही. झिंगलेला माणूस ‘ठीक आहे’ असेच म्हणणार. त्याची किल्ली काढून घ्यावी आणि ओसरीवर एक अंथरूण टाकावे. कोसळला असेल तर कुशीवर निजवावे आणि कोणीतरी रात्रभर उशाशी बसावे. बसणाऱ्याची झोप मोडेल, पाहुणा सकाळी रागावेलही. पण त्याच रस्त्याने पहाटे कोणीतरी भाजी घेऊन बाजाराला निघालेले असते, आणि आपल्या मेजवानीचे आमंत्रण त्याला नव्हते.